जुने डबे आणि वाघिणी: दुरुस्तीच्या कामात येणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या ज्या मंडळींना रेल्वेचे जुने डबे आणि मालवाघिणी जतन करण्याच्या कामात हात घालायचा आहे, त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कामाच्या अंगाने दिली आहेत. आधी सगळं वाचा, मग हातात पाना घ्या.

कोल्हापुरात वारसा रेल्वे नाही. मग हे काम इथे कशासाठी?

कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ साली सुरू झाला, तो मीटरगेजवर, म्हणजे एकमेकांपासून १००० मिमी अंतरावरच्या रुळांवर. १९७०च्या आसपास तो १६७६ मिमीचा ब्रॉडगेज झाला. बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमीची छोटी गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली होती, त्यामुळे मिरज स्टेशनाने तिन्ही गेज पाहिले. मीटरगेजचे आणि छोट्या गाडीचे ते रूळ गेले. त्या काळच्या बांधणीचे डबे मात्र ठिकठिकाणी प्रदर्शनात, उघड्यावर, पावसात उभे आहेत.

स्वयंसेवकांनी रेल्वे जतन करण्याची सुरुवात वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेवर १९५१ साली झाली. तिथे आणि नंतर इंग्लंडमध्ये लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन डबे उभे केले. त्यांना एकेका सुट्या भागासाठी कारागीर शोधत फिरावं लागतं. आपल्याकडे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करणारा, ओतकाम करणारा, टर्नर, सुतार, गादीवाला हे सगळे उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या टापूत सापडतात. इतकी जुळणी फार थोड्या गावांत आहे, आणि ती वापरली जात नाही याची खंत वाटते.

डबा, बोगी, वाघीण यांत फरक काय?

प्रवाशांचा तो डबा, मालाची ती वाघीण. बोलताना डब्यालाच बोगी म्हणतात, पण शेडमध्ये बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा फिरता गाडा. शब्द नीट वापरा. ‘बोगी उचला’ म्हटल्यावर कुणी डबा उचलायला गेलं तर गोंधळ होतो.

मला रेल्वेतलं काही येत नाही. माझा काय उपयोग?

पुष्कळ. खिळे काढणं, गंज घासणं, भागांना चिठ्ठ्या लावणं, मापं लिहून घेणं, फोटो काढणं ही कामं सगळ्यात जास्त वेळ खातात. शिवणकाम येणाऱ्याला गाद्या आणि कॅनव्हास आहेत. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची किंमत तर करता येत नाही, कारण जुनी अक्षरं हातानेच काढलेली असतात. यंत्रांवर आणि डब्याखाली काम करायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. त्याखालच्या मुलांना नोंदीचं आणि मोजणीचं काम द्या, ते ती कामं मन लावून करतात.

येताना काय आणायचं?

पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, जाड सुती कपडे, चष्मा, कातडी हातमोजे. चप्पल घालून शेडमध्ये येऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. जुने खिळे आणि पत्र्याच्या कडा यांनी हात कापतोच.

डबा ताब्यात आला. पहिलं काम कोणतं?

पाणी थांबवा. डब्याचा नाश करतं ते पाणी, आणि तेही छतावरून सरळ आत पडणारं नव्हे. खिडकीच्या खालच्या पट्टीतून आत मुरून, पत्र्यामागून उतरून, खांबाच्या बुडाशी साचून राहणारं. म्हणून ताडपत्री डब्यावर गुंडाळून बांधू नका. आत दमटपणा कोंडतो आणि एका पावसाळ्यात उघड्यावर राहण्याइतकंच नुकसान होतं. बांबूचा किंवा पाइपचा सांगाडा करून ताडपत्री छतापासून निदान दीड फूट वर ठेवा आणि दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी सोडा.

दुसरं काम नोंदीचं. डब्याच्या एका टोकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘ब’ म्हणा. ‘अ’ कडून ‘ब’ कडे तोंड करून उभं राहिल्यावर जी बाजू डावी, ती कायमची डावी. खिडक्या, दारं, खांब यांना ‘अ’ कडून क्रमांक द्या. ‘डावी-४-खालची पट्टी’ असा पत्ता प्रत्येक भागाला मिळाला पाहिजे. कागदी चिठ्ठी सहा महिन्यांत उंदीर आणि दमट हवा खाऊन टाकतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अक्षरं ठोका आणि तारेने बांधा. स्क्रू भागाबरोबरच, वेगळ्या पिशवीत.

हे सगळं होईपर्यंत काहीही सोडवू नका. बहुतेक अर्धवट पडलेली कामं कौशल्य कमी पडलं म्हणून अडकत नाहीत. कुठला भाग कुठला हे कळेनासं होतं, तिथे अडकतात.

लाकूड कुजलंय हे कसं ओळखायचं, आणि किती बदलायचं?

हातोडीच्या दांड्याने ठोका. चांगलं सागवान खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं बद्द वाजतं. मग टोच्याने दाबून बघा: दोन-तीन मिमीपेक्षा जास्त सहज आत गेला तर तिथे खूण करा. सगळ्यात आधी जातात ते खांबांचे बूड, दाराच्या चौकटीचा उंबरा, आणि छताची कमान जिथे बाजूच्या पट्टीला मिळते तो कोपरा. वरून रंग शाबूत दिसतो, म्हणून फसू नका.

कुजलेल्या खुणेच्या वर आणखी १०० ते १५० मिमी चांगलं लाकूड कापावं लागतं, कारण बुरशीचे धागे दिसणाऱ्या भागापुढे गेलेले असतात. नवा तुकडा तिरकस सांध्याने जोडा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या आठपट ठेवा. ७५ मिमी जाडीला ६०० मिमी. आखूड सांधा भार आल्यावर उघडतो. कुसू आणि खाचेचा जुना जोड असेल तर तोच पुन्हा करा, नुसता लोखंडी अँगल मारून बसवू नका. डबा चालताना किंवा उचलताना सांगाडा थोडा लवतो. लाकडी जोड ते सोसतो, अँगलचे स्क्रू लाकूड फाडतात.

अख्खा खांब बदलणं सोपं, हे खरं आहे. तरीही वरचा दोन तृतीयांश खांब चांगला असेल तर तो राखा. त्यावर त्या काळच्या पटाशीच्या खुणा, जुने नंबर, रंगाचे थर असतात. ते एकदा जळणात गेले की डबा नवा दिसेल, पण जुना राहणार नाही.

सागवान किती लागेल?

वखारीत भाव घनफुटावर असतो. हिशेब असा: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. समजा तीन बाय चार इंचाचे, सात फुटी आठ खांब हवेत. एकाला ०.५८, आठांना सुमारे ४.७ घनफूट. गाठी, चिरा, रंधा यांची घट ३० टक्के धरा, म्हणजे सहा घनफूट मागवा. वजन घनफुटाला अंदाजे १८ किलो भरतं.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेऊन वखारीत जा. १२ टक्क्यांच्या आसपास हवा. पावसाळ्यात कापलेलं लाकूड आणून लगेच बसवलं तर मार्चमध्ये सांधे उघडतात. आणल्यावर पट्ट्यांवर रचून, मध्ये हवा खेळती ठेवून, शेडमध्येच काही आठवडे मुरू द्या. जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोडू नका. मात्र करवतीवर घालण्याआधी त्यातले खिळे चुंबकाने शोधा.

गंजलेल्या पत्र्यावर पट्टी ठेवून वेल्डिंग का करायचं नाही?

दोन पत्र्यांच्या मध्ये गंज राहिला तर तो वाढतच राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो पत्रे फाकवतो आणि रिव्हेटांची डोकीसुद्धा तोडतो. वरून पट्टी मारणं म्हणजे तो गंज झाकून वाढवणं.

गंजलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापा, मागची बाजू साफ करून प्रायमर लावा, मग नवा तुकडा. अगदी जुन्या चौकटीत घडीव लोखंड असतं. त्यात धातुमळीचे धागे असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने थर सुटतात. तिथे रिव्हेट किंवा घट्ट बसणारे बोल्ट वापरा.

रिव्हेट करायचं असेल तर छिद्र दांड्यापेक्षा १ ते १.५ मिमी मोठं, आणि डोकं घडवायला व्यासाच्या साधारण दीडपट लांबी बाहेर ठेवा. रिव्हेट नारिंगी तापलेला असतानाच ठोकून संपला पाहिजे. लालसर झाल्यावर ठोकत राहिलात तर डोकं बसल्यासारखं दिसतं, पण आत दांडा छिद्र भरत नाही आणि तो ढिला राहतो. हातोडीने टिचकी मारून प्रत्येक रिव्हेट तपासा.

शौचालयाशेजारची जमीन आणि बाजूच्या लांब तुळईचा खालचा भाग पोलादी डब्यांत सर्वांत आधी जातो. १९५५ पासून २०१८ पर्यंत चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या पद्धतीच्या डब्यांतही तेच. तिथे आधी बघा.

जुन्या बोल्टला बाजारातला नट का बसत नाही?

कारण आटे वेगळे आहेत. जुने बोल्ट व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, आट्याचा कोन ५५ अंश. आजचे मेट्रिक, ६० अंश. अर्ध्या इंची व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, बारा मिमीच्या मेट्रिकला अंतर १.७५ मिमी. सुरुवातीला चढल्यासारखं वाटतं आणि मग अडकतं. तिथे जोर लावला की दोन्ही गेले. पाच-अष्टमांश इंचाला ११ आटे, पाऊण इंचाला १०. व्हिटवर्थचे टॅप आणि डाय एकदाच घेऊन ठेवा, पुढची कितीतरी वर्षं चालतात.

फाउंड्रीत भाग ओतून घ्यायचे आहेत. जुना भागच साचा म्हणून दिला तर?

ही चूक कोल्हापुरातही होते, जिथे आकुंचन किती हे गल्लीतल्या पोराला माहीत असतं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो: बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मीटरला सुमारे १० मिमी, पितळ सुमारे १५ मिमी. जुना हँडल दाबून साचा घेतला तर नवा हँडल लहान येतो, आणि जुना झिजलेला असेल तर झीजही त्यात येते. लहान मुठीला हे चालून जातं, लांब कंसाला किंवा ॲक्सल बॉक्सच्या, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक ज्यात बसतं त्या पेटीच्या, झाकणाला नाही. पॅटर्नवाल्याला जुना भाग दाखवा, मूळ मापं द्या, आणि जिथे लेथवर काम होणार तिथे ३ मिमी जास्त ठेवायला सांगा.

चार नगांसाठी फाउंड्री भट्टी लावणार नाही. त्याच धातूचं दुसरं काम ज्या दिवशी ओतलं जाणार, त्या दिवशी आपले साचे त्याबरोबर घ्यायला विनंती करा. मुठी, कड्या, नंबरप्लेट, हवेच्या जाळ्या, ब्रेक ब्लॉक हे ओतता येतं. कपलिंगचा, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा, हुक, स्क्रू, ओढदांडा कधीही ओतून घेऊ नका. बीड ताण सोसत नाही, न वाकता तुटतं. ते भाग घडीव पोलादाचेच, तपासणीचा दाखला घेऊन.

चाकं ठीक आहेत की नाहीत हे कसं कळेल?

दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, चाक फिरवून तीन ठिकाणी. ब्रॉडगेजला १६०० मिमी, मीटरगेजला ९३०. तीन ठिकाणी फरक आला तर आस वाकलेला आहे किंवा चाक सरकलं आहे. ती जोडी बाद. ब्रॉडगेजच्या चाकाच्या कडेची, म्हणजे फ्लँजची उंची नवी असताना २८.५ मिमी असते. चाकाचा माथा झिजत जातो तशी ती वाढते, आणि ३५ मिमीला चाक काढावंच लागतं.

ॲक्सल बॉक्स उघडल्यावर काय बघायचं?

जुन्या डब्यांत बॉल बेअरिंग नसतं. आसाच्या टोकावर, वरच्या बाजूने, पितळेची टोपी बसते आणि तिला आतून व्हाइट मेटलचा, म्हणजे मऊ मिश्रधातूचा, थर असतो. खाली तेलात भिजलेली लोकरी-सुती गादी आसाला तेल पुरवते. वर्षानुवर्षं उभ्या डब्यात पावसाचं पाणी झाकणातून आत जातं आणि जड असल्याने तेलाखाली बसतं. झाकण उघडलं की वर तेल दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. तळातून थोडं काढून बघा.

क्रम असा: चाकांना पुढेमागे पाचर, जॅकने बॉक्सवरचा भार उतरवणे, टोपी बाहेर काढणे, आस पुसून नखाने तपासणे. नख अडकलं तर ओरखडा आहे आणि आस लेथवर न्यावा लागेल. व्हाइट मेटल कुठे सुटलं, वितळून वाहिलं का बघा. नवं मेटल भरल्यावर आसाला प्रशियन ब्लूचा, म्हणजे डाग उमटवणाऱ्या निळ्या लेपाचा, पातळ हात देऊन टोपी ठेवा, थोडी हलवा, उचला. निळा डाग माथ्यावर मधोमध, लांबीभर हवा. कडांना डाग लागला तर तिथे खरवडा, कारण कडा घट्ट असल्या की तेल आत शिरत नाही. मग बॉक्स तापतो, व्हाइट मेटल वितळतं आणि पितळ आसाला खातं. गादीत वाळूचा एक कणही नको; पॅकिंग बदलताना शेजारी ग्राइंडर चालू असता कामा नये.

व्हॅक्यूम ब्रेक लावून डबा उभा ठेवला तर चालेल ना?

नाही. या एका गैरसमजाने डबे घरंगळतात. गाडी चालताना सिलिंडरमध्ये पिस्टनच्या दोन्ही बाजूंना निर्वात असतं. पाइपात हवा सोडली की ती पिस्टनला खालून ढकलते आणि ब्रेक लागतो. वरच्या बाजूचं निर्वात हळूहळू गळतं, आणि काही तासांत ब्रेक आपोआप सुटतो. उभ्या डब्याला हँडब्रेक आणि लाकडी पाचर, दोन्ही, दोन्ही दिशांना.

सिलिंडर उघडल्यावर पिस्टनभोवतीची रबरी रिंग बदलाच. ती कोरडी बसवतात. सोपं जावं म्हणून ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि रिंग लोळायची ती घसरते. बसवताना पीळ पडू देऊ नका. रिंगेवरची साच्याची रेघ सगळीकडे एका पातळीत आहे का बघा. चाचणीला साधारण ५० सेंमी पाऱ्याइतकं निर्वात करून पंप बंद करा आणि काटा बघा. झपाट्याने उतरला तर आधी होज आणि त्यांच्या तोंडचे वॉशर तपासा. गळती तिथेच असते, सिलिंडरला उगीच पुन्हा उघडू नका.

छताचं कॅनव्हास कसं घालतात?

फळ्यांच्या फटी भरून, रंधून, घट्ट ऑइलपेंटचा एक जाड हात द्यायचा आणि तो ओला असतानाच कॅनव्हास पसरायचं. मधून कडांकडे ओढत, सुरकुती न ठेवता. कडेला तांब्याच्या चुका, साधारण ४० मिमीवर एक, आणि वर लाकडी पट्टी. लोखंडी चुका दोन वर्षांत गंजून कॅनव्हासला भोकं पाडतात. वरून रंगाचे तीन हात, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर. कॅनव्हास एकसंध मिळालं तर उत्तम. जोड द्यावाच लागला तर आडवा द्या आणि वरचा पदर उताराच्या दिशेने ठेवा, कौलांसारखा. ताडपत्री शिवणारे हा जोड उत्तम घालतात.

जुना रंग पॉलिश पेपरने घासला तर काय बिघडतं?

लोखंडावरचा जुना नारिंगी थर म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा २०१६च्या नियमांनी आली. त्याआधीच्या प्रत्येक थरात शिसं आहे असंच धरून चला. कोरडं घासू नका. पाणी मारत ओलं घासा किंवा रंग काढायचं रसायन लावून खरवडा, पी-१०० दर्जाचा मास्क लावा, खरवड गोळा करून बंद डब्यात ठेवा. शेडमध्ये खाणंपिणं नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

जुन्या डब्यांत पत्र्यामागे किंवा पाइपांभोवती धागेदार राखाडी थर दिसला तर हात लावू नका, झाकून ठेवा. तो ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो काढणं स्वयंसेवकांचं काम नाही.

आणखी एक: जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या ढिगात टाकल्या तर आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका.

नवा रंग कधी द्यायचा आणि किती लागतो?

आपल्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर रंगाचा डबा उघडू नका. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांवर असला किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी तरी गरम नसला, तर रंगाखाली पाण्याचा न दिसणारा थर अडकतो आणि पुढच्या श्रावणात फोड येतात. हिवाळ्यात पत्र्यावरचं दव उतरेपर्यंत थांबा.

सहा मीटर लांब, २.४ रुंद, २.२ उंच अशी वाघीण धरली तर चारही बाजू मिळून सुमारे ३७ चौरस मीटर होतात. एका लिटरमध्ये साधारण १० चौरस मीटर, म्हणजे एका हाताला पावणेचार लिटर. प्रायमरचे दोन, मधला एक, वरचे दोन हात. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची ती प्रायमरवर, उघड्या लोखंडावर नाही.

मूळ रंग आणि अक्षरं कशी शोधायची?

दाराच्या पाटीमागे, कडीखाली, जिथे ऊन लागलं नाही अशा जागी रुपयाएवढा गोल घ्या. ३२० नंबरच्या पाणपेपरने मधे खोल आणि कडेला उथळ असं घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, एकेक थर एकेका काळाचा. उजेडात फोटो घ्या आणि तो गोल तसाच राखा.

वाघिणीवर रिकामं वजन, भारक्षमता, मालक रेल्वे, शेवटची मोठी दुरुस्ती कुठे आणि कधी झाली, पुन्हा कारखान्यात परतायची तारीख हे सगळं लिहिलेलं असतं. बॅटरी तिरपी धरली की रंगाखालची अक्षरं उठून दिसतात. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून छाप घ्या, मग घासा. संगणकावरची अक्षरं छापून चिकटवू नका, ती लगेच उपरी दिसतात.

गाद्या आणि खिडकीचे पट्टे?

गादीत काथ्या, वर जाड कापड किंवा रेक्झिन. फोम भरला तर बसल्यावर उंची चुकते. खिडकी उचलायचा पट्टा झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचाच हवा. क्रोमने कमावलेलं ताणून लांबतं आणि भोकं खिडकीच्या खुंटीला जुळेनाशी होतात. कोल्हापुरी चपलेसाठी लागतं तेच चामडं. जवाहरनगर-सुभाषनगर भागात विचारा, आणि पाठीचा तुकडा मागा, पोटाचा नको.

डबा आपण स्वतः उचलू शकतो का?

चारचाकी वाघिणीचं एक टोक, अनुभवी माणूस समोर असेल तर. पूर्ण लांबीचा डबा नाही. पेरांबूरचा साधा डबा २१ मीटरहून लांब आणि ३५ टनांहून जड असतो, त्याला क्रेन आणि तिचा जाणकार चालक लागतो. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलला की लगेच लाकडी स्लीपरांची आडवी-उभी चवड, आणि भार चवडीवर आल्यावरच कुणी खाली जायचं. मुरमाच्या जमिनीवर जॅकखाली जाड पोलादी पाट ठेवा. पावसानंतर तर नक्कीच.

टाकीची वाघीण मिळते आहे. घ्यावी का?

आत काय वाहून नेलं होतं हे कागदावर कळलं आणि वायूमुक्त असल्याचा दाखला मिळाला तरच. वीस वर्षं रिकाम्या टाकीतही वाफ राहते, आणि गॅस कटर लावला की स्फोट होतो. आतही उतरू नका.

दुरुस्त केलेला डबा रुळांवर धावेल का?

रेल्वेच्या मार्गावर नाही. तिथली परवानगी, तपासणी आणि जबाबदारी सगळी रेल्वेची असते. प्रदर्शनासाठी, किंवा स्वतंत्र आवारातल्या छोट्या रुळावर ढकलण्यापुरता डबा तयार करता येतो. तरीही चाकं, बॉक्स आणि ब्रेक चालत्या गाडीच्या मापानेच करा. अर्धवट केलेला ब्रेक आज नुसता उभा असतो, पण पन्नास वर्षांनी तो कुणीतरी खरा समजून वापरेल.

काम संपल्यावर दरवर्षी काय करायचं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात छतावरची पन्हळ साफ करा, खांबांच्या बुडाशी आणि दाराच्या तळाशी असलेली पाणी वाहायची भोकं तारेने मोकळी करा, खिडक्यांच्या खालच्या पट्टीवर पाणी ओतून ते बाहेर पडतं का बघा. ॲक्सल बॉक्सची झाकणं घट्ट करा. डबा एखाद फूट पुढे ढकला, म्हणजे आसाची तीच बाजू पुन्हा वर्षभर कोरडी राहणार नाही, आणि पाचर पुन्हा ठोका. दसऱ्यानंतर सगळ्या खिडक्या-दारं आठवडाभर उघडी टाका आणि टोच्या घेऊन खांबांचे बूड पुन्हा एकदा तपासा.